न मरणाऱ्या मेंढ्या आणि न विझणारी ज्योत

‘ही ज्योत बाराशे वर्षं अखंड तेवते आहे’ असं कुणी सांगितलं की काही जण हात जोडतात. बाकीचे मनातल्या मनात म्हणतात, कशावरून? बाराशे वर्षांत एकदाही पुजाऱ्याचा डोळा लागला नाही? तेल संपलं नाही? वादळ, दुष्काळ, लढाई, काहीच आलं नाही? शंका अगदी रास्त आहे. पण ज्यांनी अशा ज्योती सांभाळल्या, त्यांना ती आपल्या कितीतरी आधी आली होती आणि तिचा बंदोबस्तही त्यांनी करून ठेवला होता. तो बंदोबस्त बघितला की अखंड ज्योत ही मुळात काय भानगड आहे ते नीट कळतं.

आधी ज्योतीबद्दल. समईतली वात जळते असं आपण म्हणतो, पण खरं जळत असतं ते तेल, आणि तेही वाफ होऊन. वातीच्या धाग्यांमधून तेल वर चढतं, ज्योतीच्या धगीने त्याची वाफ होते, ती वाफ हवेतल्या ऑक्सिजनच्या साथीने जळते आणि त्यातून निघालेली उष्णता मागून येणाऱ्या तेलाची वाफ करते. हे चक्र चालू आहे तोवर ज्योत आहे. आत्ताच्या ज्योतीत पाच मिनिटांपूर्वीचा एक कणही शिल्लक नसतो. पंढरीच्या वाटेवरचे वारकरी पिढ्यान् पिढ्या बदलत जातात, तरी वारी तीच म्हणतो ना आपण, तसं. त्यामुळे ‘तीच ज्योत’ याचा अर्थ एवढाच, की विस्तवावरून विस्तव पेटत आला आणि मधे साखळी तुटली नाही.

ही साखळी टिकवायची तर तीन गोष्टींची सोय लागते. इंधन कोण पुरवणार? जागं कोण राहणार? आणि एवढं करूनही ज्योत गेलीच, तर काय करायचं? अखंड ज्योतींच्या प्रतीकार्थाबद्दल लोक भरभरून बोलतात. या तीन प्रश्नांकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. माझ्या मते ज्योतीचा अर्थ बराचसा तिथेच दडलेला असतो.

इंधनाचा प्रश्न काही ठिकाणी निसर्गाने परस्पर सोडवला आहे. हिमाचलात कांगडा जिल्ह्यातल्या ज्वालामुखी देवळात मूर्ती नाही. खडकाच्या भेगांतून निघणाऱ्या ज्वाळा हीच देवी. अकबराने कालव्याचं पाणी सोडून त्या विझवायचा प्रयत्न केला आणि शेवटी सोन्याचं छत्र वाहिलं, ही तिथली आवडती कथा. जमिनीखालची गोष्ट अशी, की हिमालयाच्या पायथ्याच्या मुडपलेल्या खडकांत नैसर्गिक वायू अडकलेला आहे आणि भेग मिळेल तिथून तो बाहेर पडतो. त्याच खुणेवर भरवसा ठेवून ओएनजीसी या सरकारी तेल-वायू संस्थेने १९५० च्या दशकात या भागात विहिरी खोदल्या. वायूच्या खुणा मिळाल्या, धंद्याला पुरेल असा साठा मिळाला नाही. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ यानारताश नावाच्या डोंगरउतारावर अशाच ज्वाळा आहेत. त्यांचा उल्लेख रोमन काळातल्या प्लिनी या लेखकाने करून ठेवला आहे.

अझरबैजानच्या बाकू शहराजवळ सुराखानी इथे सतराव्या-अठराव्या शतकांत बांधलेलं अग्निमंदिर आहे, आतेशगाह. कॅस्पियन समुद्राच्या काठावरच्या त्या भिंतींत देवनागरी आणि गुरुमुखी शिलालेख बसवलेले आहेत, आणि त्यात चक्क ‘श्री गणेशाय नमः’ वाचायला मिळतं. मुलतानकडून तिथवर व्यापाराला गेलेल्या हिंदू-शीख मंडळींना आणि त्यांच्यासोबतच्या साधूंना ही कांगड्याची ज्वालाजीच वाटली, यात नवल नाही. पुढे त्या परिसरात तेल आणि वायूचा उपसा सुरू झाला. जमिनीखालचा साठा आटत गेला आणि १९६९ मध्ये देवळातली आग विझली. आज पर्यटक जी ज्योत बघतात ती पाइपने आणलेल्या गॅसवर जळते. निसर्गाचा पुरवठा फुकट असतो, हमीचा नसतो.

आता माणसांनी लावलेल्या दिव्याकडे येऊ. देवळात नंदादीप लावायचा तर भावना हवी हे खरं, पण त्याहून जास्त हवं ते रोजचं तूप. तंजावरचं बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधलं, १०१० च्या सुमारास ते पुरं झालं. त्याच्या भिंतींवरचे शिलालेख वाचताना आपण एखाद्या मुरलेल्या कारकुनाची खतावणी वाचतोय असं वाटतं. एका अखंड दिव्यासाठी ९६ मेंढ्या. मेंढ्या नसतील तर ४८ गाई, नाहीतर १६ म्हशी. ही जनावरं ठरलेल्या मेंढपाळाच्या ताब्यात द्यायची, आणि त्याने रोज ‘उळक्कू’ नावाच्या मापाने तूप मंदिरात पोचतं करायचं. दुधाचं, लोकरीचं, कोकरांचं बाकीचं उत्पन्न त्याचं.

पण मेंढी म्हातारी होणार, मरणार. मग? त्याचंही उत्तर तमिळ शिलालेखांत आहे: या मेंढ्या ‘न मरणाऱ्या, न म्हाताऱ्या होणाऱ्या’. चमत्कार वगैरे नाही. एक मेली की नवी कोकरं कळपात धरायची आणि आकडा ९६ च्या खाली जाऊ द्यायचा नाही, अशी ती जबाबदारी. मूळ भांडवलाला हात न लावता उत्पन्नावर दिवा चालवायचा. आजच्या भाषेत याला कायमस्वरूपी निधी म्हणतात; फरक एवढाच, की तो चरायला जायचा.

आपल्याकडच्या देवस्थानांचाही रिवाज वेगळा नव्हता. कुठे नंदादीपासाठी इनाम जमीन तोडून दिलेली, कुठे तेलाची नेमणूक. जुन्या हिशेबांत ‘नंदादीप’ हे कलमच वेगळं. राजा लढाई जिंकून आला की दिवा लावण्याचा सोहळा एका दिवसाचा. तो हजार रात्री जळत ठेवायचा म्हणजे कुठल्या तरी शेतात तीळ किंवा करडई पिकायला हवी, घाणा फिरायला हवा आणि तेल घेऊन येणाऱ्याला पावती मिळायला हवी.

जागं कोण राहणार, या दुसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात काटेकोर उत्तर पारशांनी दिलं. ते आपल्या अगदी शेजारचं आहे.

पारशांच्या अग्नीच्या तीन पायऱ्या असतात: दादगाह, आदरान आणि सगळ्यात वरचा आतश बेहराम. भारतात आतश बेहराम आठ आहेत. उदवाड्याला एक, नवसारीला एक, सुरतेला दोन आणि मुंबईत चार. इराणात यझदला आणखी एक. आतश बेहरामची स्थापना करायची तर १६ निरनिराळ्या ठिकाणचे अग्नी गोळा करावे लागतात. कुंभाराचा, सोनाराचा, लोहाराचा, वीटभट्टीचा, आकाशातून पडलेल्या विजेने पेटलेला, इतकंच काय, चितेचासुद्धा. माणसाच्या कामाला आलेला हरएक विस्तव त्यात यावा ही कल्पना.

त्यांच्या शुद्धीची रीत जवळून बघण्यासारखी आहे. भोकं असलेल्या पळीत चंदनाचा भुसा घ्यायचा आणि ती मूळ आगीच्या वर, तिला न टेकवता धरायची. नुसत्या धगीने भुसा पेटला की तो झाला नवा, एक पायरी शुद्ध अग्नी. मग त्याच्यावर दुसरी पळी धरायची. चितेच्या अग्नीवर हे ९१ वेळा करायचं असतं, दर वेळी प्रार्थनांसह. भौतिकशास्त्राच्या भाषेत बोलायचं तर स्पर्श टाळून फक्त उष्णता पुढे न्यायची. ज्योत म्हणजे वस्तू नव्हे, पुढे जाणारी साखळी, हे त्या लोकांना किती नेमकं कळलं होतं बघा.

एकदा प्रतिष्ठापना झाली की अग्नी हा राजा. उदवाड्याच्या अग्नीचं नावच इराणशाह. त्याची रोजची चाकरी दरबारी शिस्तीत चालते. पारशी दिवसाचे पाच ‘गाह’ पाडलेले आहेत आणि प्रत्येक गाहाला ‘बोई’ देतात, म्हणजे अग्नीला चंदन वाहतात. मोबेद, म्हणजे पुरोहित, हातपाय धुऊन, तोंडावर पांढरं ‘पदान’ बांधून आत जातो. आपला श्वास अग्नीला लागू नये म्हणून ते पदान. अफरगान्यू या मोठ्या धातूच्या पात्रात राखेवर निखारे असतात. त्यावर तो सुखडीच्या, म्हणजे चंदनाच्या, तुकड्यांची ‘माची’ रचतो. माची म्हणजे राजाचं आसन. मग घंटा वाजते. रात्री-अपरात्रीच्या गाहालाही हेच. दर्शनाला आलेले पारशी जाताना कपाळाला ‘रख्या’, म्हणजे राख, लावतात. बिगरपारशांना आत प्रवेश नाही, त्यामुळे आपल्यासारख्यांना हे सगळं ऐकूनच माहीत.

इराणशाहची स्थापना झाली संजाणला, आजच्या गुजरातेत. सुलतानाच्या फौजेपुढे संजाण पडलं तेव्हा मोबेदांनी अग्नी उचलला आणि बाहरोटच्या डोंगरातल्या गुहांत नेला. या गुहा आपल्या पालघर जिल्ह्यात, बोर्डीच्या मागच्या डोंगरांत आहेत. ‘किस्सा-ए-संजान’ या फारसी काव्यात म्हटलं आहे की अग्नी तिथे १२ वर्षं होता. विचार करा, डोंगराच्या कुशीत, कोकणातल्या पावसात, १२ पावसाळे सुकं लाकूड साठवून निखारा जपायचा, तोही धूर बघून कुणी माग काढणार नाही अशा बेताने. तिथून तो वांसद्याला गेला, मग नवसारी, मधे सुरत, पुन्हा नवसारी, वलसाड, आणि १७४२ मध्ये उदवाडा. तेव्हापासून तिथेच. म्हणजे पारशांच्या लेखी अखंडपणाचा जागेशी संबंध नाही. अग्नी प्रवास करू शकतो. विझू शकत नाही. जागा एकदा ठरली की मात्र ती सांभाळण्यातही ते तितकेच कडक. मुंबईत मेट्रो-३ चे बोगदे दोन आतश बेहरामांजवळून जाणार म्हटल्यावर काही पारशी उच्च न्यायालयात गेले होते. २०१८ मध्ये न्यायालयाने काम पुढे न्यायला परवानगी दिली.

अग्नी पाळण्याची ही शिस्त वैदिक आहिताग्नींमध्येही, म्हणजे घरी यज्ञाचे अग्नी ठेवणाऱ्यांमध्येही, होती: गार्हपत्य अग्नी घरात कायम जागता ठेवायचा, आणि मालक गेला की त्याच्याच अग्नीने त्याला दहन द्यायचं. शिर्डीला द्वारकामाईत साईबाबांची धुनी आजही पेटती ठेवलेली आहे. तिचीच उदी लोक पुडीत बांधून नेतात.

रोमने पहाऱ्यासाठी दंडाचा मार्ग धरला. व्हेस्टा देवीच्या चुलीतला अग्नी सहा कुमारिका सांभाळत. प्रत्येकीची सेवा ३० वर्षांची. अग्नी विझला तर ते शहरावरचं अरिष्ट मानलं जाई, आणि जिच्या पाळीत विझला तिला मुख्य धर्माधिकारी चाबकाने फोडून काढी. मग लाकडावर लाकूड घासून नवा अग्नी काढायचा. गमतीचा भाग असा, की दर १ मार्चला, म्हणजे जुन्या रोमन वर्षारंभी, तोच अग्नी विधिपूर्वक नव्याने पेटवत. चुकून विझला तर पाप, ठरवून नवा केला तर पुण्य. इसवी सन ३९० च्या दशकात, थिओडोसियस सम्राटाच्या कारकिर्दीत जुन्या देवांची पूजा बंद झाली आणि त्यात व्हेस्टाची चूलही गेली.

तिसऱ्या प्रश्नाचं, विझलीच तर काय, याचं सर्वांत शहाणं उत्तर मला जपान्यांचं वाटतं. क्योटोजवळच्या हिएई डोंगरावर साइचो या बौद्ध भिक्षूने ७८८ मध्ये दिवा लावला. तो आजही एन्र्याकुजी मठात मोहरीच्या जातीच्या बियांच्या तेलावर तेवतो, असं तिथे सांगतात. पण १५७१ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराने तो डोंगरच जाळला. शेकडो इमारती आणि माणसं त्यात गेली. दिवाही गेलाच. मात्र त्याआधीच त्या दिव्यावरून पेटवलेली ज्योत उत्तरेला यामादेरा इथल्या मठात नेलेली होती. तिथून ती परत आणली. आग लावणाऱ्याला डोंगर जाळता आला, साखळी तोडता आली नाही, कारण तिचं एक टोक दुसऱ्या प्रांतात होतं.

नवरात्रात घटाशेजारी नऊ दिवस अखंड दिवा ठेवणाऱ्या घरांना हे सांगायला नको. काजळी झाडताना दिवा शांत होतो, हा नेहमीचा धोका; म्हणून जाणत्या बायका आधी त्याच ज्योतीवर निरांजन लावून बाजूला ठेवतात आणि मगच वातीला हात लावतात. ऑलिंपिकवालेही तेच करतात. १९७६ मध्ये माँट्रियलला स्पर्धा चालू असताना पावसाने ज्योत विझली. एका कर्मचाऱ्याने तत्परतेने खिशातल्या सिगारेट लायटरने ती पेटवली. वरिष्ठांनी धावपळ करून ती विझवली आणि ग्रीसमधल्या ऑलिंपियाहून आलेल्या, राखून ठेवलेल्या मूळ ज्योतीवरून पुन्हा पेटवली. दोन्ही वेळा गॅस तोच, बर्नर तोच. तरी एक खोटी, एक खरी.

विसाव्या शतकात अखंड ज्योत देवळातून चौकात आली. पहिल्या महायुद्धात माणसं इतकी मेली, की असंख्यांची ओळखही पटली नाही. पॅरिसच्या विजय कमानीखाली अशाच एका अनामिक सैनिकाला पुरलं, आणि ११ नोव्हेंबर १९२३ रोजी आंद्रे माजिनो या मंत्र्याने तिथे ज्योत पेटवली. हेच ते माजिनो, ज्यांच्या नावाची तटबंदी पुढे जर्मनांनी वळसा घालून निकामी केली. तिथे रोज संध्याकाळी साडेसहाला ज्योत प्रज्वलित करण्याचा विधी होतो. जर्मन सैन्य पॅरिसमध्ये होतं तेव्हाही तो चुकला नाही. मेंढ्या गेल्या, पाइपलाइन आली. पण रोज कुणीतरी माणसाने येऊन हात लावायचा, हे त्यांनी सोडलं नाही, आणि ते बरंच केलं.

स्मारकांच्या या ज्योती पिवळ्या का दिसतात, घरच्या गॅससारख्या निळ्या का नाहीत, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. शेगडीत जळण्याआधीच गॅसमध्ये हवा मिसळते, त्यामुळे तो पुरता जळतो आणि ज्योत निळी दिसते. स्मारकात गॅस तसाच सोडतात. त्याला हवा फक्त कडेकडेने मिळते, आत काजळीचे बारीक कण तयार होतात आणि तेच तापून सोनेरी चमकतात. म्हणजे ज्या अर्धवट जळण्याबद्दल आपण शेगडी दुरुस्तीला देतो, तेच इथे मुद्दाम करतात. निळी ज्योत उन्हात दिसणारच नाही.

वाऱ्यापावसाचं काय, याचा धडा अमेरिकेने घेतला. जॉन केनेडींच्या दफनाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १९६३ रोजी, त्यांच्या पत्नीने पॅरिसची आठवण ठेवून आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत ज्योत लावली. घाईत केलेली ती तात्पुरती जोडणी होती. पुढच्याच महिन्यात दर्शनाला आलेल्या शाळकरी मुलं पवित्र जल शिंपडत असताना बाटलीचं झाकण निघालं आणि ज्योत विझली. तिथल्या एका कर्मचाऱ्याने ती पुन्हा पेटवली. नंतर पक्कं बांधकाम झालं तेव्हा बर्नरच्या तोंडाशी सतत ठिणगी पाडणारी विजेची योजना बसवली. ज्योत गेली तरी पापणी लवायच्या आत परत येते. शुद्धतावादी म्हणतील, मग ती अखंड कुठे राहिली? बरोबर आहे. इथे विस्तवाची साखळी महत्त्वाची राहिली नाही. आठवण ठेवण्याचं वचन तेवढं अखंड.

हिरोशिमाची ज्योत या सगळ्यांत उलट्या जातीची. वास्तुविशारद केन्झो तांगे यांनी तिचं आसन मनगटं जोडून आकाशाकडे उघडलेल्या दोन तळव्यांसारखं घडवलं. १ ऑगस्ट १९६४ ला ती पेटवली, आणि जगातलं शेवटचं अण्वस्त्र नष्ट होईपर्यंत ती जळत ठेवायची असं ठरलं. बाकीच्या ज्योती विझू नयेत म्हणून माणसं झटतात. ही विझावी म्हणून झटायचं आहे.

आपल्याकडची अमर जवान ज्योती १९७१ च्या युद्धानंतर लगेच उभी राहिली. २६ जानेवारी १९७२ रोजी इंदिरा गांधींनी तिचं उद्घाटन केलं. इंडिया गेटखाली काळा संगमरवरी चौथरा, त्यावर उलटी रोवलेली रायफल, रायफलवर शिरस्त्राण, चार कोपऱ्यांत चार कलश. एक ज्योत वर्षभर, चारही प्रजासत्ताक आणि स्वातंत्र्यदिनी. २००६ पर्यंत ती सिलिंडरवर चालायची, मग पाइपचा गॅस आला. २१ जानेवारी २०२२ रोजी ती मशालीने नेऊन जवळच्या राष्ट्रीय युद्धस्मारकातल्या ज्योतीत विलीन केली, आणि मोठा वाद पेटला.

सरकारचं म्हणणं, इंडिया गेटवर नावं आहेत ती पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात ब्रिटिशांसाठी लढलेल्यांची. १९७१ चा एकही जवान त्यात नाही. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावं २०१९ मध्ये उघडलेल्या नव्या स्मारकाच्या भिंतींवर कोरलेली आहेत, तेव्हा ज्योत तिथेच शोभते. विरोधकांचं म्हणणं, पन्नास वर्षं लोकांच्या डोळ्यांत बसलेली ज्योत विझवली. आता वरच्या कसोट्या लावून बघा. विस्तवाची साखळी बघायची तर पारशी न्यायाने ज्योत हलवणं हा दोष नाही आणि एका ज्योतीत दुसरी मिळवणं तर नाहीच. आतश बेहराम मुळात १६ अग्नींच्या मिलाफातूनच होतो. त्या अर्थाने ‘विझवली’ म्हणणं मला पटत नाही. पण पॅरिसच्या न्यायाने बघायचं, तर अशी ज्योत बांधलेली असते ती जागेशी आणि तिथे येणाऱ्या माणसांशी. इंडिया गेटवर रात्री आईस्क्रीम खायला आलेली कुटुंबंसुद्धा त्या ज्योतीसमोर दोन मिनिटं थांबायची. नव्या स्मारकात ज्योतीपाशी जायचं तर मुद्दाम ठरवून, आवाराच्या वेळा सांभाळून जावं लागतं. तिथली नावं वाचायला जरूर जावं. पण फिरायला निघालेल्या माणसाच्या वाटेत आता ती ज्योत येत नाही, ही विरोधकांची तक्रार मला खरी वाटते.